पंचेचाळीस मिनिटांची बाजू

मला लाइव्ह अल्बम आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्यांच्या टाळ्या विकत घेऊन घरी आणायच्या आणि आपण पंख्याखाली बसून ऐकायच्या, हा काय प्रकार आहे? सुभाष म्हणायचा, बँडचा पहिला अल्बम तेवढा खरा, दुसऱ्यापासून मॅनेजर आत शिरतो. त्याची बहीण वैजयंती फक्त ड्रमवाला ऐकायची. गायक म्हणजे दारावर येणारे सेल्समन, तोंड उघडलं की काहीतरी खपवायचंच असतं, असं तिचं म्हणणं. आणि नामाला एकाच गोष्टीत रस होता, तारा नीट लागल्यात की नाहीत.

आम्ही चौघं. साल ब्याऐंशी. वाशीला सेक्टर एकमध्ये सुभाषच्या घरी दर रविवारी सकाळी नऊला जमायचो. मुंबईत कुणाकडे कुठली रेकॉर्ड आली ही बातमी खाडी ओलांडून आमच्यापर्यंत यायला पंधरा दिवस लागायचे, मग जे हाताला लागेल ते आम्ही हाडं चोखावीत तसं ऐकायचो. पद्धत ठरलेली होती. कॅसेट लावायची, संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, चहा आला तरी बशीचा आवाज करायचा नाही. मग एकेकाने मत द्यायचं आणि वैजयंतीने ते वहीत उतरवायचं. वहीत गेलेलं मत बदलायचं नाही. हा नियम माझा. आठवड्याने येऊन 'मला तसं म्हणायचं नव्हतं' म्हणणारी माणसं माझ्या डोक्यात जातात.

सुभाष फोर्टात बँकेत होता. मी, नंदकिशोर, तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये. वैजयंतीचं बी.एस्सी. चालू होतं. आणि नामा, म्हणजे नामदेव, कोपरखैरणे गावातला. त्यांची भातशेती नव्या शहरात गेली होती आणि नामा गावोगावच्या लग्नांत हळदीला बेंजो वाजवायचा, तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला. आमच्या कारखान्यातल्या एकाच्या बहिणीच्या हळदीला मी गेलो होतो. सगळे जेवायला बसल्यावर या पठ्ठ्याने एकट्यानेच मांडवात बसून टिन कॅथीड्रल या लंडनच्या बँडच्या एका गाण्यातला गिटारचा तुकडा बेंजोवर काढला. माझा घास हातातच राहिला. मी उठून त्याची कॉलर धरली आणि विचारलं, हे तू कुठे ऐकलंस? म्हणाला, उरणजवळ मोऱ्याला लाँचवर कोणाचा तरी टेप चालू होता. एकदा ऐकलं होतं म्हणे. एकदा!

त्याला मीच आमच्या रविवारच्या मंडळात आणलं. त्याचा कान म्हणजे भानगड होती. सुभाषच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप सुरू झाला की हा मान न वळवता म्हणायचा, "काली दोन." बसने हॉर्न दिला, "पांढरी चार." आम्ही पेटी काढून बघायचो, बरोबर निघायचं. वडिलांनी त्याच्यासाठी तुर्भ्याला नोकरी बघितली होती, पण हा टाळत होता. कुठल्यातरी जुन्या बाजारातून त्याने गिटार आणली होती आणि कुणी न शिकवता तो ती वाजवायला लागला होता. मला त्याचा अभिमान वाटायचा. आणि आता लाज वाटते ती याची, की तो अभिमान माझी एखादी वस्तू असावी तसा होता.

त्या वर्षी टिन कॅथीड्रलचा 'सेकंड फ्लड' आला. चेंबूरला एक रेकॉर्डिंगचं दुकान होतं, आपण कोरी कॅसेट द्यायची आणि तो त्यावर एल.पी. भरून द्यायचा. मी नव्वद मिनिटांची कॅसेट नेली. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं मावतात. मी त्याला बजावलं, एका बाजूला हा अल्बम अख्खा पाहिजे, एकही गाणं तोडायचं नाही, दुसऱ्या बाजूला वेट मॅचेस बँडची गाणी भर. त्याने मान हलवली. आठ दिवसांनी कॅसेट मिळाली, अल्बम अख्खा होता, मी खुश.

त्या रविवारी ऐकताना माझा पाय थांबेना. सगळी गाणी धावत होती. गायकाला धाप लागल्यासारखी वाटत होती, गिटार ताणून तुटायला आलेली. मला वाटलं, हे माझंच कुणीतरी वाजवतंय. मी तेव्हा सव्वीसचा होतो, दोन नोकऱ्या सोडून झाल्या होत्या, आई लग्नाचं विचारायची आणि मी उठून गॅलरीत जायचो. रस्ते नवे, झाडं नवी, कुठेही बसावं असं वाटत नव्हतं. आणि हा अल्बम सांगत होता की बसू नकोस.

कॅसेट संपली. सुभाष म्हणाला, बरा आहे, पण पहिल्यात जी मजा होती ती नाही. वैजयंती म्हणाली, ड्रमवाला घाबरलेला वाटतो, कुणीतरी मागे लागल्यासारखा. मी म्हणालो, गेल्या दहा वर्षांत इतका बेचैन अल्बम झालेला नाही, ही घाई हीच त्याची जान आहे. मग मी नामाकडे बघितलं.

नामा आपल्या अंगठ्याचं नख बघत होता. मग म्हणाला, "गाना पलतंय."

"पळतंयच. तेच तर म्हणतोय मी."

"तसं नाय. टेप पलतंय. मोकली तार वाजते ना मधी, ती काली बी नाय न् पांढरी बी नाय. मधीच कुठं तरी हाय. अशी कोन लावील? मशीनची खोट हाय."

का कोण जाणे, माझं डोकंच सटकलं. मी एवढा हलून गेलो होतो आणि हा म्हणत होता मशीनची खोट आहे. मी म्हणालो, "नामा, हे लंडनचे लोक आहेत. तुझ्या पेटीच्या पट्ट्या विचारून तारा लावत नाहीत ते. हळदीच्या मांडवात बेंजो बडवून कान तयार होत नसतो. तुझ्याच कानात काहीतरी खोट असेल."

वैजयंतीचं पेन वहीवर थांबलं. मी तिला म्हणालो, "हे लिहू नकोस. हे मत नाही, ही तक्रार आहे."

तिने लिहिलं नाही. नामाने चहा संपवला, कप आत मोरीत नेऊन ठेवला, चपला घातल्या आणि गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सुभाष म्हणाला, जाऊन ये रे त्याच्याकडे. मी म्हणालो, त्याला गरज असेल तर येईल. इतका मी माजलो होतो.

त्यानंतर मी लेख लिहिला. आम्ही एक सायक्लोस्टाइल केलेलं चोपडं काढायचो, 'कान' नावाचं, चार पानांचं. त्यात 'सेकंड फ्लड'वर माझी तीन पानं. 'या माणसांना बसायला खुर्ची दिली तर ती खुर्ची घेऊन पळतील,' असलं एक वाक्य होतं. ते चोपडं कसं कुठे फिरलं देव जाणे, पुण्याहून पत्रं आली, गोव्याहून एक आलं. दादरला एका कॉलेजच्या पोरांनी माझा लेख भिंतीला लावला म्हणे. अनोळखी माणसं मला विचारायला लागली, अमुक बँड कसा वाटतो, तमुक अल्बम घ्यावा का. ब्लू टॅनरीचा तिसरा अल्बम घेऊ नका असं मी एकदा म्हणालो, तर चेंबूरच्या त्या दुकानात तो कुणी भरून मागेना. मला हे सगळं आवडत होतं. खोटं कशाला बोलू?

अडीच वर्षं गेली. पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत सुभाषने घाट घातला की सोसायटीच्या हॉलमध्ये एक रविवार जाहीर कार्यक्रम करायचा. मी लेख वाचायचा, मधे मधे कॅसेट ऐकवायची. साठेक लोक येणार होते, चेंबूरहून, मुलुंडहूनसुद्धा. लोकांना पाकीट बघायला मिळावं म्हणून सुभाषने कुणाकडून तरी 'सेकंड फ्लड'चा खरा एल.पी. मागून आणला, त्याच माणसाचा चांगल्यातला रेकॉर्ड प्लेअरही आणला. बुधवारी दोन्ही त्याच्या घरी येऊन पडले. सुभाष बँकेत होता. मी सेकंड शिफ्टच्या आधी गेलो, वैजयंतीने दार उघडलं आणि आम्ही सहज म्हणून एल.पी.ची प्लेट लावली.

पहिल्या दोन ओळींतच मला घाम फुटला.

गाणं चालत होतं. धावत नव्हतं, चालत होतं, भरलेला हंडा घेऊन चालावं तसं. गायकाला धाप लागली नव्हती. त्याचा आवाज जाड होता, उतारवयाकडे झुकलेला, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. वैजयंती म्हणाली, "ड्रमवाला घाबरलेला नाहीये रे." मी म्हणालो, हा प्लेअर मंद असेल. तिने एल.पी.चं पाकीट माझ्यापुढे धरलं. प्रत्येक गाण्यापुढे बारीक अक्षरात वेळ छापली होती. पहिल्या गाण्याची सहा मिनिटं वीस सेकंद. मी घड्याळ लावून प्लेट ऐकली, सहा वीस. मग कॅसेट ऐकली, सहा तीन. परत ऐकली. सहा तीन. वैजयंतीने पेटी काढली आणि ती मोकळी तार आली तेव्हा एक पट्टी दाबली. प्लेटची तार पट्टीवर चपखल बसली. कॅसेटची काळी आणि पांढरीच्या मधे लोंबकळत राहिली.

मी शिफ्टला दांडी मारली आणि चेंबूरची बस पकडली. दुकानदार ओळखीने हसला. मी विचारलं तेव्हा त्याने जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. "तुम्हीच बोललात ना साहेब, अख्खा पाहिजे, एकाच बाजूला? अल्बम सत्तेचाळीस मिनिटांचा, बाजू पंचेचाळीसची. मग प्लेटचा स्पीड थोडा वर करायला लागतो. सगळेच करतात. दोन मिनिटं कोणाला कळतात?"

एकाला कळली होती. बसस्टॉपवर मी बसू शकलो नाही. आलेल्या दोन बसेस सोडल्या. तीन पानं लिहिली होती मी, त्या दुकानदाराच्या स्पीडच्या खटक्यावर. पण खरं सांगतो, लेखाचं दुःख मला तासाभरातच कमी झालं. नामाचं तोंड डोळ्यांसमोरून हलेना. त्याला परत आणायचं, त्याचं होतं ते त्याला द्यायचं, दुसरं काही सुचत नव्हतं.

रात्री वैजयंतीला सांगितलं. ती म्हणाली, "घरी जा आणि सांग त्याला. उद्याच."

"असं नाही. सगळ्यांसमोर सांगणार. सगळ्यांसमोर अपमान केला होता मी त्याचा."

"सगळे म्हणजे तेव्हा आम्ही दोघं होतो, नंदू."

"रविवारी साठ असतील. बरंच आहे. त्याला पुढे बोलवायचं, आधी कॅसेट लावायची, मग प्लेट, काही न सांगता. तो दोन मिनिटांत ओळखेल. मग मी सांगेन की हा अडीच वर्षांपूर्वी बरोबर होता आणि मी गाढव होतो. लेख तिथेच फाडेन."

"आणि सुभाषला?"

"त्याला आत्ता सांगितलं तर तो कार्यक्रमच रद्द करेल. तू मशीन सांभाळ फक्त."

ती म्हणाली, "नामाला विचारून कर." मी हो म्हणालो.

गुरुवारी संध्याकाळी कोपरखैरण्याला गेलो. नामाची आई, रखमाकाकी, ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. तिने मला लगेच ओळखलं. "आत हाय. मोठ्यान् हाक मार," ती म्हणाली. मला वाटलं झोपला असेल. मग स्वतःच सांगत बसली, "तुर्भ्याला लागला ना आता, हॅमरवर. लोखंड ठोकतात तितं. आदी नको नको बोलाचा, कान जातील बोलाचा. मग त्या साली एकदम गेला. बापूस लय खुश झाला." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात रविवार होता.

नामा बाहेर आला. अंगाने भरला होता, मिशी ठेवली होती. मी बोलायला लागलो तर दोनदा "काय?" म्हणाला, आणि पूर्ण वेळ मान तिरपी करून दाराकडे बघत बसला. मला वाटलं, याला माझं तोंड बघायचं नाहीये. बरोबरच आहे म्हटलं.

"रविवारी ये," मी म्हणालो. "तू आलाच पाहिजेस."

"मी आता जास्त ऐकत नाय."

हा टोमणा आहे असं समजून मी तो गिळला. "एकदाच ये. त्याच कॅसेटचा कार्यक्रम आहे."

ते मात्र त्याला पहिल्या झटक्यात कळलं. मान सरळ करून त्याने माझ्याकडे बघितलं. "त्याच? मंग येतो."

मी त्याला काही विचारलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना मला.

रविवारी हॉल भरला. सतरंज्या पुरल्या नाहीत, माणसं भिंतीला टेकून उभी. सुभाष इस्त्रीचा शर्ट घालून पळापळ करत होता. टेबलावर कॅसेटचा डेक आणि प्लेअर दोन्ही मांडले होते आणि पुढून चादर लावली होती. चादरीमागे वैजयंती. नामा पांढरा शर्ट घालून आला होता, शेवटून दुसऱ्या रांगेत बसला होता. मी उभा राहिलो. कधी एकदा सांगतो असं झालं होतं.

मी म्हणालो, "लेख वाचण्याआधी एक प्रयोग. इथे एक माणूस बसला आहे, नामदेव. त्याच्याइतका पक्का कान मी दुसरा बघितला नाही. आपण एकच गाणं दोनदा लावणार. त्यातलं एक खऱ्या वेगाचं आहे, एक चुकीच्या. नामा, पुढे ये. तू सांगायचं खरं कुठलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नामा उठेना. शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मग तो उठला, माणसांमधून वाट काढत पुढे आला आणि स्पीकरपाशी जाऊन उभा राहिला, उजवा खांदा पुढे करून. त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, लाजला.

वैजयंतीने आधी कॅसेट लावली, दोन मिनिटं. मग प्लेट, दोन मिनिटं. नामा डोळे मिटून उभा होता. म्हणाला, "परत." परत दोन्ही लावली. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा. नामाच्या कपाळावर घामाचे थेंब होते. पंप आणि बसचे हॉर्न न बघता सांगणारा हा माणूस, आणि मी मनात म्हणत होतो, अरे बोल ना, एवढा वेळ कशाला?

तो म्हणाला, "पयला खरा. दुसरा मंद हाय."

चूक. साफ चूक. पहिली कॅसेट होती.

मी चादरीकडे बघितलं. चादरीच्या कडेने वैजयंतीचा अर्धा चेहरा दिसत होता, पांढराफटक. साठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि नामाही बघत होता, परीक्षेचा कागद मास्तरांच्या हातात दिल्यासारखा. त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं. मोठ्याने हाक मार, दोनदा 'काय', तिरपी मान, उजवा खांदा. अडीच वर्षं हॅमरवर. मी याला साठ माणसांसमोर उभा केला होता.

"बरोबर," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. नामाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. टेबलाच्या कडेला उभं राहून मशीनं बघत असलेल्या सुभाषने तेवढ्यात हौसेने चादर ओढली आणि ओरडला, "पहिली आपली कॅसेट! दुसरा एल.पी.!" चेंबूरचे एक गृहस्थ म्हणाले, प्लेअरचा पट्टा सैल झाला असेल, होतं असं. दुसरे कोणी म्हणाले, म्हणजे ओरिजिनलपेक्षा यांची कॅसेट बरोबर, कमाल आहे. सगळे हसले. मागून आवाज आला, "लेख वाचा, लेख."

मी वाचला. काय करणार? तीन पानं, एकेक शब्द खोटा आहे हे माहीत असताना, घसा साफ करून वाचला. 'गायकाला धाप लागली आहे' इथे एका पोराने मान डोलावली. खुर्ची घेऊन पळण्याच्या वाक्यावर हशा आला. मी फाडायला म्हणून आणलेला लेख, आणि त्याच्यावर लोक सह्या मागायला आले. वैजयंतीने डेक बंद केला आणि कुणाशी न बोलता घरी निघून गेली.

नामा खाली जिन्याशी सायकलचं कुलूप काढत होता. मी धावत गेलो. तो हसला, अडीच वर्षांत पहिल्यांदा.

"बरा झाला मी आलो," तो म्हणाला.

"नामा, ऐक..."

"नाय, मना बोलू दे. लय दिवस डोक्यात किडा होता. हॅमरवर उबा राहिलो का रोज वाटाचं, मी तवा बरोबर असलो तं? बरोबर असलो तं मी हितं काय करतो? तू बोललास कानात खोट हाय. मग बोललो, खोटाच हाय तं जपाचा कशाला? बापूस मागं लागलाच होता, गेलो कामाला." त्याने सायकलचा स्टँड काढला. "आज समजला. कॅसेट खरी होती. म्हंजे तवा मीच चुकलो होतो, न् तू बरोबर होतास. आता कसा मोकला वाटतंय."

मी तिथे गप्प बसू शकलो असतो. तो मोकळा झाला होता, लेख वाचला होता, लोक खुश होते, सगळं ज्याच्या त्याच्या जागी होतं. आईशपथ, दोन सेकंद मला वाटलं की गप्प बसावं. पण मी त्याला एकदा खोटं सांगून घरी पाठवला होता. परत तेच करायचं?

"नामा, मी वर खोटं बोललो."

"काय?"

मी त्याच्या उजवीकडे गेलो. "वर खोटं बोललो मी. कॅसेट पळते. दुकानदाराने स्पीड वाढवला होता, मीच एका बाजूला अख्खा अल्बम मागितला होता म्हणून. बुधवारी एल.पी. ऐकला तेव्हा कळलं. तेव्हा तूच बरोबर होतास."

तो थोडा वेळ सायकलच्या सीटवरची धूळ हाताने झटकत राहिला. "मंग आज?"

"आज चुकलास."

"हां," तो म्हणाला. त्याने डाव्या कानाच्या भोकात करंगळी घातली आणि हलवली. "यात शिटी वाजते. सारखी. झोपलो तरी वाजते. हा कान गेलाच. वर काय समजेना, म्हणून त्या शिटीशीच पट्टी लावून बगली. शिटी बी चढली असल."

मला रडू आलं. मी डोळे पुसले नाहीत.

"तवा बरोबर होतो?" त्याने परत विचारलं.

"हो."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के. वैजूने पेटीवर बघितलं."

त्याने मान हलवली. रागावला असता, शिवी दिली असती, तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "घरी आलास तवाच सांगाचा होतास."

मग तो सायकल हातात धरून चालायला लागला. मी त्याच्याबरोबर चालत होतो आणि बोलत होतो, थांबतच नव्हतो. माफी मागितली. म्हणालो, उद्या डॉक्टर बघू, हॅमरवरून दुसऱ्या खात्यात बदली मागू, माझ्या कारखान्यात विचारतो, लेख चुकीचा होता असं पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापतो, रविवारी ये, नाहीतर मी येतो, गिटार आहे ना अजून? मेन रोडपर्यंत मी बोलत राहिलो, जे जे पोटात होतं ते सगळं. तो पुढे बघून चालत होता, एका शब्दाला उत्तर नाही. रस्ता ओलांडताना माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या डाव्या बाजूने चालतोय.

मी सायकलला वळसा घालून उजवीकडे गेलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली.